एक नट, चार चित्रपटगृहें

एकच मनुष्य एकाच वेळीं चार ठिकाणीं असूं शकत नाहीं, ही गोष्ट लहान मुलासहि समजते. तथापि १९७८ सालच्या मे महिन्यांत हा चमत्कार मुंबई शहरांत रोज घडत होता, व तो पाहण्यास तिकिटाच्या पैशांखेरीज कांहींच लागत नव्हतें.

त्या वर्षीं २१ एप्रिल रोजीं ‘कसमे वादे’, ५ मे रोजीं ‘त्रिशूल’ व १२ मे रोजीं ‘डॉन’ असे अमिताभ बच्चन यांचे तीन चित्रपट अवघ्या तीन आठवड्यांत प्रदर्शित झाले. शिवाय १५ ऑगस्ट १९७५ रोजीं निघालेला ‘शोले’ लॅमिंग्टन रस्त्यावरील मिनर्व्हा चित्रपटगृहांतून हललाच नव्हता. तेथें तो पांच वर्षांहून अधिक काळ चालला. म्हणजे मिनर्व्हांत जय रोज मित्राच्या हातांवर प्राण सोडी, आणि दुसरीकडे तोच गृहस्थ इमारती बांधून जन्मदात्या पित्याचा सूड उगवीत असे. संजीवकुमार यांची तर याहून मौज. ‘शोले’मध्यें ते दोन्ही हात गमावलेले ठाकूर, आणि ‘त्रिशूल’मध्यें धडधाकट हातांचे तेच सूड घेतले जाणारे पिता!

आमची आजी त्या वेळीं कोंकणांतून आली होती. आदल्या खेपेस तिनें ‘शोले’ पाहून जयसाठीं पदर ओला केला होता. बसमधून जातांना एका रंगविलेल्या फलकावर तोच चेहरा पाहून ती म्हणाली, “अरे, हा तर मेला होता ना?” आमचा थोरला भाऊ हंसत सुटला. आजी रागावली. तिचें म्हणणें असें कीं, ज्याच्यासाठीं आपण रडलों त्यानें निदान वर्षभर तरी दुसरीकडे गाणीं म्हणूं नयेत. आजीचें हें मत आम्हांस अद्यापि सर्वस्वी चुकीचें वाटत नाहीं.

हें घडे कसें, तें आम्हांस पुढें समजलें. त्या काळीं नट पाळ्यांनीं काम करीत. सकाळीं एका चित्रपटाचें, तर दुपारीं दुसऱ्याचें. शशी कपूर इतक्या पाळ्या करीत कीं, त्यांचे वडील बंधु राज कपूर त्यांस ‘टॅक्सी’ म्हणत. चित्रपटहि एका दमांत पुरा होत नसे. ‘डॉन’ला सुमारें साडेतीन वर्षें लागलीं. त्याचे निर्माते नरिमन इराणी हे मूळचे छायाचित्रकार. अंगावर कर्ज झालेलें, आणि चित्रपट पुरा होण्यापूर्वींच ते अपघातांत वारले. दिग्दर्शक चंद्रा बारोट यांनीं तो तडीस नेला. अशा रीतीनें फार पूर्वीं आरंभिलेलें काम आणि नुकतेंच संपलेलें काम एकाच महिन्यांत लोकांपुढें येई. त्यांत लोकांस आवडलेला चित्रपट पंचवीस, पन्नास आठवडे जागा सोडीत नसे. आजचे चित्रपट एकाच शुक्रवारीं सर्वत्र लागतात व थोड्याच दिवसांत निघून जातात. त्यांची गांठ पडावी तरी कोठें?

पाळी हा शब्द मात्र आमच्या घरीं नवा नव्हता. आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असूं, परळच्या एका गिरणींत बदली कामगार होते. बदली म्हणजे काय, हें आतांच्या विद्यार्थ्यांस सांगावें लागेल. कायमचा कामगार आला नाहीं, तर त्या दिवसापुरता त्याच्या जागीं घ्यावयाचा तो बदली. भोंगा होण्यापूर्वीं पास घेऊन दारांत उभें राहावयाचें. कोणी गैरहजर असला तर आंत, नसला तर घरीं. अण्णांचीं अशीं नऊ वर्षें गेलीं होतीं. त्यांस कायम करण्याविषयीं ज्या जॉबरांनीं शब्द टाकण्याचें कबूल केलें होतें, ते त्याच हिंवाळ्यांत वारले. त्यांनीं ती गोष्ट दुसऱ्या कोणाच्या कानांवर घातलेली नव्हती.

आम्ही सातवी उत्तीर्ण झालों म्हणून एक चित्रपट पाहण्याचें ठरलें. कोणता, यावर घरांत भांडण झालें. ‘डॉन’मध्यें अमिताभ दोन आहेत, म्हणून पैसे वसूल, असें दादा म्हणे, पण दोन तर ‘कसमे वादे’मध्यें देखील होते! अखेर नाणें उडवून ‘डॉन’ ठरला. तीनच्या खेळाचीं तिकिटें अण्णांनीं स्वतः आणलीं. आणि नेमकी त्याच दिवशीं त्यांस बदली मिळाली. सकाळचे गेलेले ते परत आलेच नाहींत. त्यांचें तिकीट दरवानापाशीं ठेवून आम्ही दोघे भाऊ आंत जाऊन बसलों. रागाच्या भरांत आम्ही दादास म्हणालों, “अमिताभला चार ठिकाणीं जातां येतें, अण्णांना एका ठिकाणींहि येतां येत नाहीं.” दादा कांहीं बोलला नाहीं.

मध्यंतर संपतां संपतां अण्णा आले. केसांत कापूस तसाच होता. अंधारांत बसतांच त्यांनीं विचारलें, “काय झालें?”

आम्हीं कुजबुजून सांगितलें, “खरा डॉन मेला. पोलिसांनीं त्याच्यासारखा दिसणारा विजय त्याच्या जागीं पाठवला आहे.”

“म्हणजे बदलीवर आला,” अण्णा म्हणाले. पुढच्या रांगेंतील एक गृहस्थ मागें वळून हंसले. तो बहुधा गिरणींतलाच असावा.

पुढें इफ्तेखार यांनीं रंगविलेला डिसिल्व्हा नांवाचा पोलीस अधिकारी मारला जातो. विजय हा विजयच आहे, हें ठाऊक असलेला तो एकटाच. पडद्यावर विजय परोपरीनें सांगूं लागला कीं, मी डॉन नव्हे, कोणी ऐकेना. आम्ही अण्णांकडे पाहिलें. ते पाठ सोडून पुढें सरकून बसले होते, आणि दोन्ही हातांनीं त्यांनीं पुढची खुर्ची घट्ट धरली होती.

घरीं परततांना बसमध्यें दादा मारामारीचें वर्णन करीत होता. लालबाग आलें तेव्हां अण्णा एवढेंच म्हणाले, “त्याच्यापाशीं ती लाल डायरी तरी होती.”

दुसऱ्या दिवशीं भोंग्याच्या आधीं उठून, पास खिशांत घालून ते गेले. आठाच्या सुमारास परत आले, तेव्हां आम्ही आजीस ‘डॉन’ची गोष्ट सांगत होतों. अण्णा उंबऱ्याशीं बसून ती पुन्हां पहिल्यापासून ऐकूं लागले.