शब्दांची चव

परकी वस्तू माणसाला एक वेळ चालते. तिचे परके शब्द मात्र त्याला उंबरठ्याबाहेरच उभे करतात. आता वाईनचेच पाहा ना! मी स्वतः चहापलीकडे कधी गेलेलो नाही. पण नाशिक जिल्ह्यात राहून द्राक्षांकडे पाठ कशी फिरवणार? २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आमच्या जिल्ह्यात वाईनचे कारखाने वाढत गेले, आणि त्यांच्याबरोबर ‘ड्राय’, ‘टॅनिन’, ‘बॉडी’ असले पाहुणे शब्दही बागांच्या बांधापर्यंत येऊन पोचले.

अशाच एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी नोकरीला लागला. त्याचे वडील माळकरी. जन्मभर त्यांनी खाण्याची द्राक्षे पिकवली. मुलाची ही नोकरी त्यांना रुचली नाही. बापलेकांतले बोलणे ‘जेवलास का’ एवढ्यावर आले. एका रविवारी तो कागदावर शब्दांची यादी करून माझ्याकडे आला.

“सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. यांना मराठी शब्द द्या. मी दिवसभर काय करतो ते अण्णांना सांगायचंय.”

शब्दकोश उघडण्याची वेळच आली नाही. तो अर्थ सांगत गेला आणि शब्द आमच्या स्वयंपाकघरातूनच बाहेर येत गेले. टॅनिन म्हणजे साली-बियांतून रसात उतरणारा, जीभ ओढून धरणारा तुरटपणा. फार उकळलेल्या कोऱ्या चहातही तो असतो. म्हणजे माझा जुना सोबतीच की! दुधाला जसे विरजण, तसे द्राक्षाच्या रसाला यीस्ट. ते रसातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. साखर जवळजवळ संपली, की ती वाईन ‘ड्राय’. कोरडी नव्हे, गोडी सरलेली. तळाशी बसतो तो साका. वरचा रस स्वच्छ होतो ते निवळणे. आणि पिंपात ठेवून देणे म्हणजे आपले लोणच्याचे मुरणेच. ‘बॉडी’ म्हणजे तोंडात जाणवणारा भार. पातळ ताक आणि साईचे दूध यांत जो फरक, तो. घोट उतरल्यावर मागे रेंगाळणाऱ्या चवीला ‘फिनिश’ म्हणतात. आवळा खाऊन पाणी प्यालेल्या माणसाला ती काय समजावून सांगायची!

फ्रेंचांचा एक शब्द आहे, ‘तेरवार’. जमीन, उतार, ऊन, पाऊस या सर्वांनी मिळून फळावर उमटवलेली खूण, असा त्याचा अर्थ. आमचा शेतकरी त्याला माती-पाणी म्हणतो आणि कामाला लागतो.

शेवटी राहिला ‘व्हिंटेज’. पुष्कळांना तो जुनेपणाचा शब्द वाटतो. पण द्राक्षे ज्या वर्षी काढली ते वर्ष, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

“अरे, मग हे साधं ‘साल’च की!” मी म्हणालो.

आणि मराठीची गंमत पाहा. काळ्या द्राक्षांचा रससुद्धा बहुधा पांढुरकाच निघतो; लाली चढते ती सालीच्या संगतीने. वाईनला रंग देते ती साल, आणि स्वभाव देते तेही साल!

त्या रात्री मुलाने वडिलांना यादी वाचून दाखवली. ते निमूटपणे ऐकत होते. ‘साल’ आले तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्याकडचा कोणता बागाईतदार विसरेल?

“म्हणजे त्या सालच्या बाटलीत आपली गारपीटसुद्धा असंल,” ते म्हणाले.

पुष्कळ दिवसांनी त्यांनी मुलापाशी एक पुरे वाक्य बोलले होते.

त्यांच्या गळ्यातली माळ आहे तिथेच आहे. वाईनला ते शिवत नाहीत, आणि शिवावे असे त्यांच्या मुलालाही वाटत नाही. पण माघात द्राक्षांची काढणी सुरू झाली, की संध्याकाळी ओट्यावर बसून ते आपण होऊन त्याला विचारतात,

“काय रे, तुमच्याकडं यंदाचं साल कसं म्हणायचं?”