यातलं सुती किती?

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं. करार तेवढाच, आणि तो संपत आला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर त्याचा मुलगा परदेशातून परत येणार असतो. मग पुन्हा ब्रोकर, त्याचं एक महिन्याचं भाडं, पुन्हा खोकी, पुन्हा टेम्पो. हिंजवडीत नोकरी लागल्यापासून मी वाकड, पिंपळे सौदागर, बाणेर अशी फिरत राहिले आणि दर वेळी टेम्पो मोठा होत गेला. कराडहून आले तेव्हा एक बॅग आणि एक वळकटी होती. बाणेरचं घर सोडताना टेम्पोवाल्या दादांनी सामानाकडे बघून विचारलं, "घरातली बाकीची मंडळी मागनं येणार का?" मी एकटीच राहत होते.

कमी वस्तूंत राहायचं मी तेव्हा ठरवलं. मेरी कोंडो यांचं पुस्तक वाचलेलं होतं, 2019 साली नेटफ्लिक्सवर आलेली त्यांची मालिकाही पाहिली होती. एकेक वस्तू हातात घ्यायची, ती आनंद देते का ते पाहायचं, देत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. सुरुवात कपड्यांपासून आणि आठवणींच्या वस्तू सगळ्यांत शेवटी, हा त्यांचा क्रम मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. नव्या घरात गेल्यावर मी कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढले. आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती.

ती ढिगाशेजारी बसली आणि कपडे चाचपायला लागली. कापड दोन बोटांत धरायचं, चोळायचं, बाजूला ठेवायचं. बराच वेळ हे चाललं. मग म्हणाली, "अगं, यातलं सुती किती?"

"का?"

"गोधडीला काय घालू यातलं?"

आमच्या घरात कपडा एकदम टाकला जात नाही. साडी जुनी झाली की गोधडीच्या थरात जाते, फारच विरली की तिचं फडकं होतं, पायपुसणं होतं. धड असेल ते बोहारणीला, आणि त्या बदल्यात घासाघीस करून एखादं पातेलं किंवा डबा. गोधडीला सुतीच लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यात सुई सहज शिरते, घाम टिपला जातो आणि थंडीत ऊबही मिळते. माझ्या ढिगात बहुतेक पॉलिएस्टर, नाहीतर ताणल्या जाणाऱ्या जीन्स. टाका घालण्याजोगे म्हणून आईने दोन कुर्ते आणि एक ओढणी वेगळी काढली. उरलेल्या ढिगाकडे बघून तिने विचारलं, "मग हे जाणार कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पुण्यात दारोदार कचरा गोळा करायचं काम 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था करते. आमच्या इमारतीत येणाऱ्या ताईंना मी विचारलं. घरटी मिळणारे महिन्याचे पैसे आणि कचऱ्यातून वेचलेलं भंगार, यावर त्यांचं घर चालतं. कागद, पुठ्ठा, बाटल्या, लोखंड या सगळ्याला भाव आहे. "कपड्याला कोण विचारतंय? नुसतं ओझं होतंय," त्या म्हणाल्या. घालण्याजोगे कपडे मी पुढे जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या मोहिमेत दिले. पण त्या ताईंचं वाक्य डोक्यातून गेलं नाही. माझं घर मोकळं होणार ते त्यांच्या ढकलगाडीत भर घालून. अशा मोकळेपणात मला समाधान वाटेना.

म्हणून मी टाकण्याचा नाद सोडला आणि घेणं थांबवलं. पुढे जाऊन जिचं काय होणार ते सांगता येत नाही अशी वस्तू घ्यायची नाही, एवढा एकच नियम. घरात जे आहे ते झिजेपर्यंत वापरायचं. पांढऱ्याशुभ्र भिंती, एक कुंडी, एक लाकडी स्टूल अशी चित्रं 'मिनिमलिझम' म्हणून सगळीकडे दिसतात. तसं घर करायचं तर असलेलं सगळं टाकून पुन्हा खरेदी करावी लागते. ते मला मान्य नाही. माझ्या घरातल्या चादरी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या फाटेपर्यंत तशाच राहतील.

नियमाचा खरा कस लागला तो हप्त्यांवर. आमच्या ऑफिसात फोन, घड्याळ, गादी, सगळंच हप्त्यावर यायचं. 'नो-कॉस्ट ईएमआय' म्हटलं की फुकटच वाटतं. पण शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलेलं आहे. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत दाखवतो. आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, बहुतेक वेळा वर प्रोसेसिंग फी, आपल्या बिलात येते. कार्डाची थकबाकी राहिली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. सावकारी म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्याच्याहून हे फार वेगळं नाही. चालू हप्ते मी एकेक करून फेडले आणि नवा घेतला नाही.

त्याचा उपयोग आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी कळला. मी बिनपगारी रजा टाकली आणि ती काठीशिवाय चालायला लागेपर्यंत कराडला राहिले. त्याच सुमारास माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं. तिला दोन दिवसांत परतावं लागलं, कारण पाच तारखेला तीन हप्ते जायचे होते. ती रडली होती त्या दिवशी. या जगण्याबद्दल मला कुणी विचारलं तर मी कपाटाचं सांगत नाही, त्या रजेचं सांगते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या खोलीतही वस्तू कमीच आहेत. त्यांना फ्रीज हवा आहे आणि तो त्यांना मिळायलाच हवा. त्यांच्या अभावाला साधेपणा म्हणून मिरवणं हा अन्याय होईल. माझ्याकडे पगार आहे, म्हणून मी नको म्हणू शकते.

कमी ठेवलं म्हणून काही अडतही नाही. गणपतीत मोदकपात्र समोरच्या काकूंकडून येतं, त्यांना माझी शिडी लागते. काकूंशी ओळख झाली तीच या देण्याघेण्यातून.

नुकती नोकरी लागलेल्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या पगाराबरोबर पहिला हप्ता सुरू करू नका. निदान वर्षभर थांबा, घरच्यांसाठी चार पैसे बाजूला पडू द्या. आणि पुढचा कपडा घ्याल तेव्हा किमतीच्या आधी आतल्या शिवणीवरची पट्टी उलटून बघा, त्यात सुती किती आहे ते वाचा, आणि मगच घ्या.