नॉमिनी

आईबाबांच्या घटस्फोटाची एक्सेल शीट मी बनवली. वकील मॅडम म्हणाल्या होत्या, "आकडे तुम्ही घरी ठरवून आणा, मी कन्सेंट टर्म्समध्ये घालते." एकुलती एक मुलगी, त्यात सॉफ्टवेअरवाली. काम माझ्याकडेच येणार होतं.

का वेगळे झाले, ते विचारू नका. ते त्यांचं आहे. २०२३च्या मार्चमध्ये बाबा तळेगावला राहायला गेले आणि दोन वर्षांनी दोघांनी परस्पर संमतीनं अर्ज करायचं ठरवलं. चिंचवडचा फ्लॅट विकून निम्मं-निम्मं, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. अडलं ते बाबांच्या पीएफवर. शिल्लक ५२ लाख, रिटायरमेंट पुढच्या वर्षी. आईच्या नावावर पीएफ शून्य.

बाबांची ऑफर त्यांच्या मते उदार होती. महिन्याला पंधरा हजार देईन आणि पीएफला नॉमिनी म्हणून तिचंच नाव राहू दे. "मी गेल्यावर सगळं तिलाच की." मलाही ते ठीक वाटलं. मग रात्री बसून नियम वाचले. ज्याला कुटुंब आहे त्याला पीएफला नॉमिनी कुटुंबातलाच द्यावा लागतो, आणि त्या कुटुंबात पत्नी येते, मुलं येतात. घटस्फोट झालेली पत्नी येत नाही. म्हणजे बाबा मनापासून देत होते ती गोष्ट त्यांना देताच येणार नव्हती.

आईचं उत्तर वेगळंच होतं. "दर एक तारखेला मोबाईल बघत बसू का, पैसे आले का म्हणून?"

कायद्यात सूत्र असेल आणि मी ते शीटमध्ये टाकीन, असं मला वाटत होतं. हिंदू विवाह कायद्यात नवराबायकोच्या बचतीची निम्मी वाटणी सांगणारं कलमच नाही. कलम २५ खाली पोटगी आहे, तिथं कोर्ट दोघांची मिळकत आणि परिस्थिती बघून रक्कम ठरवतं. गोव्यात मात्र १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, दोघांची मालमत्ता सामायिक धरतात. चिंचवडहून गोवा एका रात्रीच्या बसवर आहे.

मग सूत्र आम्हीच केलं. लग्न १९९४चं. त्याआधी बाबांच्या खात्यात नऊ हजार होते. ते दरवर्षीच्या जाहीर व्याजदरानं पुढे आणले (तेव्हा बारा टक्के मिळायचे, आता सव्वाआठ), तर दीड लाखाच्या आसपास आले. ते बाबांचे. तळेगावला गेल्यानंतर भरलेले, व्याज धरून चारेक लाख, तेही बाबांचे. उरलेले साडेशेहेचाळीस लाख दोघांचे. पीएफचं खातं काही दोघांत फोडून मिळत नाही, म्हणून टर्म्समध्ये लिहायचं ठरलं की पैसे बँकेत आल्यापासून तीस दिवसांत बाबांनी निम्मे आईला द्यायचे.

बाबा निम्म्याला तयार व्हायला तीन रविवार गेले. ते वाईट नाहीत. तेहतीस वर्षं दर महिन्याला स्वतःच्या पगारातून कापलेली रक्कम स्लिपवर बघितलेला माणूस ती आपलीच समजणार.

तिसऱ्या रविवारी आई म्हणाली, "माझाही पीएफ होता. तो कुठल्या रकान्यात आहे?"

मला माहीतच नव्हतं. पिंपरीच्या एका कारखान्यात ती अकाउंट्सला होती. मी वर्षाची झाले, सांभाळायला कुणी मिळेना, म्हणून तिनं १९९८च्या मार्चमध्ये नोकरी सोडली. त्याच महिन्यात फ्लॅटचा पहिला हप्ता भरायचा होता. "नोकरी मी सोडणार होते, म्हणून माझा पीएफ काढला. ह्यांचा तसाच राहिला. म्हणून तर एवढा वाढला." किती होता, विचारलं. अडतीस हजार, म्हणाली.

मी ओळ वाढवली. अडतीस हजार काढले नसते, तर त्याच व्याजदरांनी २०२५च्या मार्चपर्यंत तीन लाख ब्याण्णव हजार झाले असते. तिनं नोकरी सोडलीच नसती तर किती झाले असते, तेही काढून बघितलं. पण त्यातली प्रत्येक इन्क्रिमेंट मी मनानं घातलेली होती. ती ओळ पुसून टाकली.

पुढच्या रविवारी बाबा आले. चष्मा कपाळावर ढकलून, लॅपटॉप जवळ ओढून त्यांनी शीट वाचली. आईच्या ओळीपाशी थांबले. आता वाद होणार म्हणून मी चहाला उठले.

"अडतीस नाही," ते म्हणाले. "एक्केचाळीस होते. बिल्डरकडे चेक मीच घेऊन गेलो होतो."

आई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण नळ बंद झाला. मी परत बसले आणि सेल बदलला. चार लाख तेवीस हजार.