भोसरीची एक खरेदी

पुण्याच्या पेठांतून राहणाऱ्या मंडळींस भोसरीची ओळख नाशिकच्या वाटेवरील एक धुळीचें गांव एवढीच असते. या गांवाचें प्राचीन नांव भोजापूर असें सांगतात. परंतु हल्लीं तेथें जाणारास भोज आठवत नाहीं, लेथ आठवतो. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व पुढें येथील माळावर कारखान्यांच्या ओळी उठल्या. कारखाने जन्मतात तसे मोडतातही. मोडलेल्या कारखान्यांचें सामान जेथें विकावयास येतें, असे पत्र्याचे वाडे पाहण्याचा योग आम्हांस गेल्या माघांत आला.

कारण घरगुतीच होतें. आमचे धाकटे बंधू नोकरींतून मोकळे झाल्यापासून मागील पडवींत सुतारकाम करतात. पाट, चौरंग, मुलांचीं मेजें असें पुष्कळ काम त्यांच्या हातून झालें आहे. हातरंधा होता तोंवर भुसा पायांशीं पडे व केरसुणीनें निघे. विजेची करवत व सँडर आल्यापासून मात्र दुपारच्या कवडशांत धूळ तासन् तास तरंगतांना दिसूं लागली, आणि सहा वर्षांच्या नातीचा खोकला हटेना. डॉक्टरांनीं दम्याचें नांव घेतलें, तेव्हां भावजयीनें निक्षून सांगितलें कीं, हत्यारें विकून टाका. बंधू कांहीं बोलले नाहींत. त्या दिवसापासून पडवीचें दारच त्यांनीं उघडलें नाहीं. हें मौन आम्हांस खोकल्याइतकेंच बोचूं लागलें.

भावजयीचें म्हणणें खोटें नव्हतें. इंग्लंडांत हाय विकमच्या आसपास खुर्च्या करणाऱ्या कारागिरांत नाकाचा कर्करोग विलक्षण आढळतो, हें १९६० नंतरच्या दशकांत तेथील डॉक्टरांच्या ध्यानांत आलें. आणि १९९५ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें लांकडाची धूळ माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली. डोळ्यांस दिसणारा भुसा यांत गौण आहे. अपाय करते ती दिसत नाहीं अशी बारीक धूळ. ती नाकांत अडकत नाहीं, थेट फुप्फुसांत जाते. यास्तव धूळ उडाल्यावर झाडण्यांत अर्थ नाहीं. ती उडते तेथेंच ओढून घेतली पाहिजे. असें ओढणारें कारखानी यंत्र नवें घेण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून जुन्याचा विचार.

मंडईपासून मेट्रोनें निघालों. गाडी मुठेच्या खालून व मुळेच्या वरून जाते, हा चमत्कार या वयांतही मौजेचा वाटतो. नाशिक फाट्याशीं उतरून रिक्षा केली. चिखलीजवळची कुदळवाडी हें पूर्वीं भंगाराचें मोठें ठाणें होतें. २०२५ च्या फेब्रुवारींत महानगरपालिकेनें तेथील अनधिकृत बांधकामें पाडलीं. म्हणून आम्हीं भोसरीच्याच गल्ल्या धुंडाळल्या.

पहिल्याच वाड्यांत एक भव्य यंत्र दिसलें. रंग ताजा, मोटर उत्तम, किंमत तर इतकी हलकी कीं बंधूंनीं खिशांत हात घातला. आम्हीं विचारलें, "हें कोणत्या कारखान्याचें?" मालक प्रांजळ होता. म्हणाला, "बॅटरीच्या, गुरुजी. पिशव्या झटकून देतों कीं!" बॅटरींत शिसें असतें. शिशाची धूळ कापडाच्या रंध्रांत बसते, झटकल्यानें जात नाहीं. म्हणजे नातीच्या लांकडाची धूळ काढावयाची आणि तिला शिसें पाजावयाचें! आम्हीं नमस्कार करून बाहेर पडलों. दुसरें यंत्र अल्युमिनियम घासणाऱ्या शेडमधलें निघालें. तेंही नाकारलें, कारण त्या धातूची धूळ स्फोटक असते. लांकडाची धूळही कांहीं गरीब नव्हे. अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांत २००८ सालीं साध्या साखरेच्या धुळीचा भडका होऊन १४ माणसें दगावलीं.

तिसऱ्या ठिकाणीं फर्निचरच्या बंद पडलेल्या कारखान्याचा ३ अश्वशक्तीचा पंखा व पत्र्याचें शंकूच्या आकाराचें सायक्लोन मिळालें. याची युक्ति वावटळीची आहे. हवा आंत गरगर फिरते, जड भुसा बाहेरच्या भिंतीवर आपटून खालच्या पिंपांत पडतो, हवा मधून वर निघून जाते. बारीक धूळ मात्र तिच्याबरोबर सुटते. तिच्यासाठीं पिशव्या नव्याच घ्याव्या लागतात. बंधूंनीं पंखा हातानें फिरवून बेअरिंगची घरघर ऐकली, पात्यांची झीज बोटांनीं चाचपली. मालकानें वीज जोडून दाखविली, तों ओढ अगदींच क्षीण! सौदा मोडणार इतक्यांत बंधू म्हणाले, "तारा उलट्या लागल्या आहेत." असा पंखा उलटा फिरला तरी वारा उलटा येत नाहीं, त्याच वाटेनें, पण दुबळा येतो. दोन तारांची अदलाबदल होतांच ओढ पालटली. आम्हीं बरोबर नेलेल्या वाकविलेल्या नळींतील पाणी भराभर वर चढलें. तें किती इंच चढतें यावरून पंख्याचा जोर कळतो. मालकानें पुली बदलून वेग वाढवून देण्याचें अगत्य दाखविलें, तें आम्हीं घेतलें नाहीं. वेग सव्वापट केला कीं शक्ति जवळजवळ दुप्पट लागते आणि मोटर जळते.

किंमत ठरवितांना तीन फेजच्या विजेची जोडणी, नव्या पिशव्या व टेंपोचें भाडें आम्हीं हिशेबांत आधींच धरलें होतें. त्यावांचून जुनें स्वस्त पडलें असें म्हणणें व्यर्थ. नळ मात्र ६ इंची घेतले. ४ इंची नळ स्वस्त खरा, पण त्याच वेगानें त्यांतून निम्म्याहूनही कमी हवा जाते.

यंत्र परसांत, पडवीच्या भिंतीबाहेर, पत्र्याखालीं बसविलें आहे. आवाज बराच होतो. शेजाऱ्यांशीं बोलून सकाळीं १० ते १२ हीच वेळ ठरली. नातीला त्या वेळीं अजूनही पडवींत जाऊं देत नाहीं. भावजयीनें करवत विकण्याचा विषय तूर्त काढलेला नाहीं, आणि बंधूंनीं देव्हाऱ्यासाठीं सागाच्या फळ्या आणल्या आहेत.