वाळवल्यावर दिसणारा डाग

दातावर हवेचा झोत मारायचा आणि पाच सेकंद थांबायचं. क्लिनिकला नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांकडून पहिल्या दिवशी मी एवढंच करून घेते. ओला असताना निर्मळ दिसणारा दात वाळला की हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा उमटतो. लाळ लागली की पुन्हा नाहीसा. इनॅमलचा अपवर्तनांक १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. आम्लाने खनिज विरघळून पडलेल्या बारीक छिद्रांत पाणी असेतो प्रकाश फारसा विखुरत नाही; त्यांत हवा शिरली की विखुरतो. ओल्या दातावरही डाग दिसत असेल, तर झीज जास्त खोल गेली आहे असं समजायचं.

पहिल्या वर्षी हे सगळं मी पाठ केलं होतं. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, लॅक्टिक आम्ल, पीएच ५.५. व्हायव्हात धडाधडा सांगितलंही. पण तिसऱ्या वर्षी एका शाळकरी मुलाच्या दाढेवर असाच डाग दिसला आणि मी टोकदार प्रोब त्यात दाबला. टोक अडकतं का, ते बघायचं होतं. कर्र झालं आणि टोक आत गेलं. डागाचा वरचा पातळ थर शाबूत होता, पोकळपणा त्याच्या खाली होता. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्याच थरातून आत झिरपून खनिज परत बसू शकलं असतं. तो थर मी मोडला, आणि त्या दाढेत सिमेंट भरावं लागलं. आता मी गोल टोकाचा प्रोब वापरते, तोही पृष्ठभागावरून हलकेच फिरवण्यापुरता.

आपण ‘कीड लागली’ म्हणतो, जणू एकदा लागली की लागली. पण दातात दिवसभर देवाणघेवाण चालू असते. १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी ग्लुकोजची चूळ भरायला देऊन दातांवरच्या प्लाकचा पीएच मोजला. काही मिनिटांत तो धाडकन उतरला; वर यायला मात्र अर्धा-पाऊण तास लागला. साडेपाचच्या खाली दात खनिज गमावतो, वर आला की लाळ ते परत देऊ लागते. लाळेला हवी असते सवड, आणि झोपेत तर ती स्वतःच आटते. म्हणून ‘गोड किती खातो?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्याचं उत्तर नेहमी ‘फार नाही हो, डॉक्टर’ असंच येतं.

परवा एका आईनेही तेच सांगितलं. मी म्हटलं, “सकाळपासून याच्या तोंडात काय काय गेलं, ते क्रमाने सांगा ना.” ती बोटांवर मोजू लागली. चहा-बिस्किट. रिक्षात चॉकलेट. डब्यातला जॅम-पोळीचा रोल. शाळेतून येताना गोळ्या, मग बोर्नव्हिटा, क्लासला जाताना परत बिस्किटं. “आणि झोपताना दूध, साखर घालून,” असं म्हणेपर्यंत ती दुसऱ्या हाताच्या बोटांवर आली होती. तिथेच ती थांबली आणि मुलाच्या तोंडाकडे बघू लागली.