बिनखटक्याचा चाकू

बीड जिल्ह्याचं पोट कोयत्यावर चालतं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या इथून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. त्याआधी रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पालं पडतात, भाते फुलतात आणि ट्रकच्या जुन्या पाट्यांचे कोयते घडायला लागतात. निजामाच्या राजवटीत बीड शहर चामड्याच्या छागलींसाठी आणि काठीत दडवलेल्या गुप्तीसाठी नावाजलेलं होतं. मला मात्र ओढ लागली ती तळहातात मावणाऱ्या, मिटवून खिशात टाकायच्या चाकूची. कारण माझं घर त्यावर चाललंय. अंबाजोगाई तालुक्यात आमची छोटी रोपवाटिका आहे. सीताफळाची कलमं बांधणं आणि मोसंबीचे डोळे भरणं हा वडिलांचा धंदा आता माझा आहे.

वडिलांच्या बंडीच्या खिशात शिंगाच्या मुठीचा एक चाकू असायचा. पात्याच्या बुडाशी बारीक चांदणी आणि तिच्या शेजारी क्रूस कोरलेला. ही खूण इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची. हे मला फार उशिरा समजलं. इंग्रजी अमदानीत रॉजर्सचे चाकू हिंदुस्थानात खूप खपले. आमच्या आजोबांनी तो हैदराबादेहून आणलेला. त्याला खटका नाही, कुलूप नाही. पातं उघडं राहतं ते फक्त पाठीच्या कमानीच्या दाबावर.

ही कमान म्हणजे मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादाची लवचीक पट्टी. तिचं एक टोक खिळ्यानं पक्कं केलेलं असतं आणि दुसरं पात्याच्या बुडावर दाबून बसतं. बूड चौकोनी घासलेलं असतं. पातं फिरवताना त्याचा कोपरा कमानीला वर उचलतो, कोपरा ओलांडला की कमान सपाट बाजूवर पडते आणि टक् असा आवाज येतो. जुना चाकू हातात आला की मी आधी डोळे मिटून हा आवाज ऐकतो. कोरडा, नेमका आवाज आला तर कमानीत अजून जीव आहे. नुसतं घासल्यासारखं झालं तर बूड झिजलंय किंवा कमान मऊ पडलीय. मग पातं उघडून उजेडासमोर धरतो. कमान आणि पातं यांच्यामध्ये फट दिसू नये, आणि पातं बोटांत धरून हलवलं तर डावी-उजवीकडं डुलू नये. मूठ कितीही देखणी असली तरी या दोन गोष्टी नसतील तर मी चाकू घेत नाही.

खटका नसलेला चाकू हातावर मिटेल, अशी भीती लोक बोलून दाखवतात. जोरानं खुपसायचं काम असेल तर ती भीती खरी आहे. कलमाच्या कामात पात्याच्या पाठीवर जोर कधीच येत नाही. सगळा काप धारेच्या बाजूनं, स्वतःकडं ओढत घ्यायचा असतो, आणि त्या दाबानं पातं आणखी घट्ट उघडं राहतं. म्हणून जर्मनीत रॉयटलिंगनला 1854 पासून चाकू करणारी टीना कंपनी असो नाहीतर लुधियानाची फाल्कन, कलमाचे मिटणारे चाकू अजून याच साध्या कमानीवर बनतात. आमच्याकडच्या मजुरांच्या हातात फाल्कनच जास्त दिसतो. तो स्वस्त आहे, धार चांगली घेतो, आणि हरवला तर जीव हळहळत नाही.

माघ-फाल्गुनात सीताफळाचा हंगाम येतो. गावरान बियांपासून वाढवलेलं रोप हा खुंट, आणि बाळानगर किंवा धारूर-6 च्या झाडावरून घेतलेली पेन्सिलीएवढी काडी हे कलम. काडीचं बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, खुंटाचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, पाचर आत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायची. सांगायला एवढंच आहे, पण जीव आहे तो कापाच्या सपाटीत. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओला, हिरवट, पापुद्र्यासारखा थर असतो. खुंटाचा आणि काडीचा तो थर एकमेकांना टेकला तरच कलम जगतं. काप पोटाळ आला की मध्ये हवा राहते आणि काडी काळी पडते. म्हणून कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं असते, दुसरं अंग साफ सपाट. दोन्ही अंगांनी धार लावलेला घरचा चाकू लाकडात शिरताना वळतो, हा वळत नाही. डावखुऱ्या माणसाला उलट्या अंगाची धार लागते. आमच्याकडं काम करणाऱ्या एका मावशी डावखुऱ्या आहेत, त्यांच्यासाठी मी एक चाकू निसण्यावर मुद्दाम उलटा घासून ठेवलाय. त्यांच्या हातची कलमं सगळ्यांत जास्त जगतात.

मोसंबीचा चाकू वेगळा. त्याच्या मुठीच्या शेवटाला किंवा पात्याच्या पाठीवर एक बोथट जीभ असते. रंगपूर लिंबाच्या खुंटावर आडवी-उभी चीर द्यायची, त्या जिभेनं साल अलगद सुटी करायची आणि डोळा आत सरकवायचा. लोखंडाच्या टोकानं उचकलं तर आतला थर खरवडला जातो. एका झाडावरून दुसऱ्याकडं जाताना पातं स्पिरिटनं पुसायचं, कारण लिंबूवर्गातले काही रोग धारेवरून पसरतात. वडील विडीच्या काडीची ज्योत पात्यावरून फिरवायचे. त्यानं पोलादाचं पाणी उतरतं, म्हणून मी ते बंद केलं.

बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईचं सीताफळ संशोधन केंद्र परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. या सगळ्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. चाकूबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते किती मानानं मांडलेत! खिशातल्या चाकूच्या वाट्याला तो मान आला नाही. तो हरवतो, झिजतो, भंगारात जातो.

म्हणून मी गोळा करतो. परळीची महाशिवरात्रीची जत्रा, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, हैदराबादेत चारमिनारमागच्या गल्ल्या. जत्रेतला मासोळीच्या आकाराचा पत्र्याचा चाकूही माझ्याकडं आहे. रामपुरी मी घेत नाही. तो खटक्याचा, धाकासाठी घडवलेला. कायद्यानंही फरक ओळखलाय. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांच्या यादीत गुप्ती आहे, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू आहेत, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेत.

खंडेनवमीला विळा, खुरपं, कात्री यांच्या रांगेत हे सगळे चाकू पाटावर मांडतो. हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. पूजा झाली की दसऱ्यानंतर ते पुन्हा कामाला. कपाटात कोरा ठेवलेला चाकू मला बघवत नाही. साध्या पोलादाच्या पात्यावर कापलेल्या सालींच्या चिकानं काळसर-निळी झाक चढते. ती गंजाला थोपवते, म्हणून मी ती घासून काढत नाही. सांध्यात शिलाई मशीनचं तेल घालतो. करडईचं तेल हाताशी असतं म्हणून लोक तेच घालतात, पण ते वाळून चिकट होतं आणि कमान अडकून बसते.

दोन वर्षांमागं वडिलांच्या रॉजर्सची कमान मोडली. पाल टाकून बसलेल्या घिसाडी मामांना दाखवली. कोयते करणारा हात एवढी बारीक वस्तू घेईल का, अशी शंका होती. त्यांनी पाट्याचा पातळ काप घेतला, मूळ तुकडा शेजारी ठेवून ठोकला, कानशीनं तासला, लाल करून करडईच्या तेलात विझवला. मग दगडावर घासून लखलखीत केला आणि विस्तवाच्या कडेला चिमट्यात धरून बघत बसले. पोलादावर आधी गवती पिवळा रंग चढला. "पात्याला हितंच थांबायचं," मामा म्हणाले. पुढं तपकिरी, जांभळा आणि मग मोरपंखी निळा. निळा येताच त्यांनी पट्टी बाजूला काढली. "कमान हाय ही, वाकून परत आली पाहिजे." पितळी खिळा ठोकून बसवली तेव्हा आवाज पहिल्यापेक्षा जरा जाड आला. मी म्हटलं तेवढे पैसे त्यांनी घेतले नाहीत, कोयत्याला धार लावायचे घेतात तेवढेच घेतले.

पातं आता निम्मं झिजलंय, सीताफळाच्या लाकडाला ते पेलत नाही. मोसंबीच्या सालीला मात्र त्याच्यासारखं पातं माझ्याकडं दुसरं नाही. थंडीत डोळे भरायला पुतण्या तोच मागून घेतो, आणि संध्याकाळी पुसून परत देतो.