उंची कोणाच्या डोळ्यांची?

मोठी वस्तु विकत घेण्यास पैसा लागतो. तिला घरांत योग्य जागीं बसविण्यास मात्र पैशापेक्षां निराळें असें कांहीं लागतें, हें साठी उलटून गेल्यावर आम्हांस कळलें. सूचीकटाहन्याय आम्हीं मुलांना कितीदां तरी शिकविला असेल. लोहाराकडे एकानें सुई मागितली व दुसऱ्यानें कढई, तर तो सुई आधीं करून देतो. सोपें काम प्रथम, अवघड मागून. गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं ५५ इंची टीव्ही आला, तेव्हां टीव्ही ही कढई व तो भिंतीवर लावण्याचा ब्रॅकेट ही सुई, असें आम्ही समजलों. आणि तेथेंच फसलों.

टीव्ही घेतला तो मातोश्रींसाठीं. त्यांना सत्त्याऐंशीवें वर्ष चालू आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदु काढून झाले, तरी लहान पडद्यावरचे चेहरे त्यांना ओळखूं येत नाहींत. पाय थकल्यापासून पंढरीस जाणें सुटलें. आषाढी एकादशीची पहाटेची महापूजा त्या टीव्हीवरच पाहतात. तेव्हां आम्हीं, धाकट्या बंधूंनीं व पुण्यास असलेल्या चिरंजीवांनीं मिळून मोठा टीव्ही घेण्याचें ठरविलें.

ब्रॅकेटचे मुख्य प्रकार तीन. एक भिंतीलगत स्थिर राहणारा; दुसरा टीव्हीचें तोंड थोडें खालीं झुकवितां येईल असा; आणि तिसरा, हातासारखा बाहेर येऊन डावीउजवीकडे वळणारा. दुकानदारानें तिसऱ्याची फार स्तुति केली. आमची पुतणी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. तिनें तेथेंच एका कागदावर हिशेब मांडला. "काका, टीव्हीचं वजन १६ किलो, आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या स्क्रूंत २० सेंटिमीटर अंतर धरूं. टीव्ही भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असला, तर वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारा जोर ४ किलोंचा. हाच टीव्ही ४५ सेंटिमीटर बाहेर ओढला, कीं तो जोर ३६ किलोंचा!" वजन तेंच, भिंतही तीच, केवळ अंतर वाढतांच दोघांत छत्तीसाचा आंकडा उभा राहिला. आम्हीं पहिला प्रकार घेतला. दुसरा तीनशें रुपयांनीं महाग होता, "त्याची गरज काय?" असें आम्हींच म्हटलें. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

टीव्हीच्या पाठीवर चार छिद्रें असतात. त्यांचें आडवें व उभें अंतर 'व्हेसा' या नांवाच्या मानानें सांगतात. आमच्या टीव्हीचें तें ४०० × ३०० मिलिमीटर आहे. हें अंतर आणि पेलण्याचें वजन ब्रॅकेटच्या खोक्यावर छापलेलें असतें. तें टीव्हीशीं ताडून पाहावें. पाठींत जाणारा स्क्रूही पुस्तिकेंत सांगितला असेल तेवढाच लांब हवा. अधिक लांब झाल्यास आंतल्या भागांस इजा होते. व्याकरणांत जें महत्त्व मात्रेला, तेंच येथें मिलिमीटरला.

आमचें घर वाईचें, जुन्या वाड्यांपैकीं. भिंती दीड हात रुंद, त्यामुळें त्या वाटेल तें पेलतील असा आमचा समज होता. दुकानाच्या माणसानें ड्रिल लावलें. प्रथम गिलावा पडला, मग विटेचा लाल भुगा, आणि मग नुसती माती वाहूं लागली. प्लास्टिकची गिट्टी बसविली, तर ती बोटानें फिरूं लागली. "काका, दोन स्क्रू जास्त मारूं, चालून जाईल," असें तो म्हणाला. पावसाळा तोंडावर, भिंत मातीच्या जोडाईची, आणि खालीं मुलें बसणार! आम्हीं त्याला परत पाठविलें व ओळखीच्या सुतारास बोलाविलें. त्यानें बोटाच्या पेरानें भिंत ठोकीत ठोकीत तिच्यांत दडलेले दोन सागवानी खांब शोधून काढले, त्या दोहोंवर एक जाड फळी आडवी घेतली, आणि ती लांब स्क्रूंनीं खांबांतच आवळली. मग दोन्ही हातांनीं फळी धरून आपलें सगळें अंग तिच्यावर टाकून पाहिलें. फळी हलली नाहीं. ब्रॅकेट त्या फळीवर बसला. भिंतीचा रुंदपणा हा आधार नव्हे. आधार कोठें आहे तें शोधावें लागतें, हा एक धडा तेथें मिळाला.

दुसरा धडा उंचीचा. उंची किती असावी, हें आम्हीं कोणास विचारलेंच नाहीं. ३६ वर्षें फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या मनुष्यास हा प्रश्न पडत नसतो. जमिनीपासून साडेपांच फुटांवर आम्हीं स्वतः पेन्सिलीनें खूण केली. येथें पडद्याचा मध्य. कारणें तयारच होतीं: मुलांचा चेंडू लागणार नाहीं, मागें बसलेल्यांस दिसेल, आल्यागेल्याच्या नजरेंत भरेल. सुतार म्हणाला, "गुरुजी, जरा वर होतंय का बघा." आम्हीं पाणसळ ठेवून आमची रेघ कशी सरळ आहे तें त्याला दाखविलें. परंतु पाणसळ रेघ सरळ आहे कीं नाहीं एवढेंच सांगते. ती योग्य जागीं आहे कीं नाहीं, तें सांगत नाहीं.

दहा दिवसांनीं एकादशी आली. महापूजा सुरू झाली तेव्हां सारें घर दिवाणखान्यांत जमलें होतें. मातोश्रींची बैठक मात्र रिकामी. आम्हीं आंत जाऊन पाहिलें. माजघरांत, अंधारांत, डोळे मिटून त्या बसल्या होत्या.

"आई, बाहेर येत नाहींस?"

"अरे, मान वर केली कीं घेरी येते मला. इथं ऐकूं येतंय सगळं."

"मग इतके दिवस बोलली कां नाहींस?"

त्या हंसल्या. "तूं मास्तर. फळा तूं लावशील तिथं वर्गानं बघायचं."

यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. शाळेंतला आमचा फळा आम्हीं नेहमीं आपल्या हाताच्या उंचीवर टांगीत आलों. पहिल्या रांगेंतलीं लहान मुलें माना वर करून अक्षरें वाचीत. त्यांच्यापैकीं एकानेंही कधीं तक्रार केली नाहीं. आणि तक्रार नाहीं म्हणजे त्रास नाहीं, असें आम्ही समजत आलों. त्या वर्गांत आमची आईही बसलेली आहे, हें आम्हांस त्या पहाटे दिसलें. ती महापूजा मात्र गेली ती गेलीच.

दुसऱ्याच दिवशीं सुतारास बोलाविलें. मातोश्रींना त्यांच्या नेहमींच्या बैठकीवर बसवून पुतणीनें टेप लावला: जमिनीपासून डोळ्यांपर्यंत तीन फूट दोन इंच. पडद्याचा मध्य तेथेंच आणला. म्हणजे आमची खूण तब्बल २८ इंच चुकली होती! खालीं आणतांना विजेचा बोर्ड कोठें आहे तें आधीं पाहिलें. बोर्डाच्या सरळ वर किंवा खालीं भिंतीच्या आंत तारा गेलेल्या असतात, तेथें छिद्र पाडूं नये. झुकणारा ब्रॅकेट असता तर वरचेवर निभावलें असतें, असें कोणी म्हणेल. परंतु तीनशें रुपयांची ती चूक लहान. न विचारण्याची मोठी.

आतां श्रावणांतल्या कीर्तनास मातोश्री सर्वांच्या आधीं येऊन बसतात. बुवांच्या पगडीचा रंगही त्या सांगतात. मुलांचा चेंडू अद्याप एकदांही पडद्यास लागलेला नाहीं. टीव्हीच्या वर, भिंतीवर, लांबी भरलेलीं जुन्या स्क्रूंचीं छिद्रें तेवढीं दिसतात. त्यांवर रंग लावून घ्यावा, असें घरांतून दोनदां सुचविण्यांत आलें. आम्हीं तूर्त नको म्हणून सांगितलें आहे.